भेगा, प्रस्तरभंग आणि भूऔष्णिक क्षेत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीखालची उष्णता आणि वायू कोणत्या वाटेने वर येतात, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत. सर्वेक्षण किंवा ड्रिलिंगचे काम करणाऱ्यांनी थेट प्रश्न ९ पासून वाचले तरी चालेल.

१. भेग, सांधा आणि प्रस्तरभंग हे एकच का?

नाही. खडकातल्या कोणत्याही तुटीला भेग म्हणता येते. तुटीच्या दोन्ही बाजू फक्त किंचित दूर झाल्या असतील, तर तो सांधा. लाव्हा थंड होताना आकसून ज्या उभ्या चिरा पडतात, ते सांधेच. दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्या असतील, तर तो प्रस्तरभंग. हे सरकणे काही मिलिमीटरांचे असू शकते किंवा अनेक किलोमीटरांचेही. सांधे असंख्य असतात, पण एकेकटा सांधा फार दूर जात नाही. खोलवरचे पाणी पृष्ठभागापर्यंत आणायला प्रस्तरभंगासारखी लांब, सलग वाट लागते.

२. खडकातून उष्णता आपोआप वर येतेच ना? मग भेगांची गरज काय?

येते, पण फार सावकाश. खंडांवर जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला सुमारे ६५ मिलिवॅट असते, म्हणजे एका हेक्टरमागे ६५० वॅट. तापमानातला बदल नुसत्या खडकातून १०० मीटर पोचायला साधारण ३०० वर्षे लागतात आणि १ किलोमीटर पोचायला ३० हजार वर्षे, कारण अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

पाणी मात्र उष्णता स्वतःबरोबर घेऊन येते. भेगेतून सेकंदाला एक किलो पाणी वर आले आणि ते १०० अंशांनी थंड झाले, तर त्यातून सुमारे ४२० किलोवॅट उष्णता मिळते. वरच्या हिशोबाने ही सहाशेहून अधिक हेक्टर जमिनीची उष्णता झाली. वीज किंवा उष्णता काढण्याजोगी भूऔष्णिक क्षेत्रे बहुतेक भेगाळ खडकांतच का सापडतात, ते यावरून कळेल.

३. जवळपास ज्वालामुखी नाही, तरी पाणी इतके गरम कसे?

त्यासाठी ज्वालामुखी असावाच लागतो असे नाही. खोली वाढते तसे तापमान साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी डोंगराळ भागात मुरून ४ किलोमीटर खोल गेले, तर तिथे १२० ते १३५ अंशांचा खडक भेटतो. तापलेले पाणी हलके होते आणि डोंगराकडच्या थंड पाण्याचा दाब त्याला मागून ढकलतो. प्रस्तरभंगाची मोकळी वाट मिळाली की ते वेगाने वर येते. वेग महत्त्वाचा, कारण सावकाश वर येणारे पाणी आपली उष्णता वाटेतल्या खडकाला देऊन टाकते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिनमधली बरीच क्षेत्रे या प्रकारची आहेत. तिथे कवच ताणले जाऊन पातळ झाले आहे, त्यामुळे खोलीबरोबर तापमानही सरासरीपेक्षा लवकर वाढते.

४. केसाएवढ्या भेगेने असा काय फरक पडतो?

प्रचंड पडतो. गुळगुळीत समांतर भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट, दहापट झाली की हजारपट. भेग नसलेल्या ग्रॅनाइटची पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता, एक मायक्रोडार्सी (डार्सी हे तिचे एकक) किंवा त्याहूनही कमी असते. त्यात दर मीटरला ०.१ मिलिमीटर रुंदीची एकच सलग भेग धरली, तर त्या दिशेने हिशोब सुमारे ८४ मिलिडार्सी येतो, म्हणजे ८० हजार पटींहून अधिक.

प्रत्यक्षात एवढा प्रवाह मिळत नाही. भेगेच्या भिंती खडबडीत असतात, जागोजागी एकमेकींना टेकलेल्या असतात आणि पाणी त्यातून मोजक्याच पाटांनी वाहते. दुसरीकडे, तापमानाची मदत होते: २०० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे सातपट कमी चिकट असते.

ड्रिलिंगमधून आलेल्या खडकाच्या नमुन्यातल्या भेगा मोजून पारगम्यता सांगणारे अहवाल नेहमी दिसतात. त्यांच्यावर विसंबू नये. दाब सुटल्यावर नमुन्यात नव्या भेगा पडतात आणि जुन्या रुंदावतात. जागेवरची रुंदी आणि दिशा पाहायची तर बोअरच्या भिंतीचे ध्वनी किंवा विद्युत प्रतिमांकन करावे आणि प्रवाह वेगळा मोजावा (प्रश्न १४).

५. प्रस्तरभंग म्हणजे वाट, तर काही ठिकाणी तोच पाणी अडवतो हे कसे?

मोठा प्रस्तरभंग ही एक रेघ नसते, तो पट्टा असतो. मधल्या गाभ्यात खडक घासून त्याचा बारीक भुगा झालेला असतो आणि बरेचदा त्याची चिकणमाती बनते. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना भंगलेला पट्टा असतो, त्यात लहानमोठ्या भेगांची दाटी असते. गाभा काही सेंटिमीटरांपासून काही मीटरांचा, तर भंगलेला पट्टा दहा-वीस मीटरांपासून शंभर मीटरांहूनही रुंद असू शकतो.

त्यामुळे एकच प्रस्तरभंग आडव्या दिशेने बंधारा ठरतो आणि उभ्या दिशेने वाट. एका बाजूला गरम झऱ्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, किंवा दोन्हीकडच्या बोअरमध्ये पाण्याची पातळी वेगवेगळी, अशी लक्षणे दिसली की गाभा अडवतो आहे असे समजावे. खडकाच्या जातीवरही बरेच अवलंबून असते. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइटसारखा ठिसूळ खडक तुटून उघडा राहतो, तर शेलसारखा मऊ खडक लिंपला जातो.

६. प्रस्तरभंग पन्नास किलोमीटर लांब आहे, मग झरे दोन-तीन ठिकाणीच का?

कारण प्रस्तरभंग सगळीकडे सारखा उघडा नसतो. इथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट ताणाची दिशा. कवच ज्या दिशेने सर्वांत कमी दाबले जाते, त्या दिशेला काटकोनात असलेल्या भेगा उघडण्याकडे झुकतात आणि सर्वांत जास्त दाबाला आडव्या असलेल्या मिटतात. शिवाय ज्या भेगा सध्याच्या ताणाखाली सरकण्याच्या बेतात असतात, त्या अधिक पाणी वाहतात. थोडे सरकणे झाले की दोन्ही बाजूंचे उंचवटे एकमेकांवर चढतात आणि मध्ये पोकळी राहते. नेवाडातील डिक्सी व्हॅलीच्या बोअरमध्ये हे मोजून दाखवले गेले आहे.

दुसरी गोष्ट प्रस्तरभंगाचा आकार, आणि नकाशा पाहताना नेमकी हीच राहून जाते. नवख्याची नजर सर्वांत मोठ्या प्रस्तरभंगाच्या मध्यावर जाते. ग्रेट बेसिनमधल्या ज्ञात क्षेत्रांत मात्र मध्यावरची क्षेत्रे अगदी थोडी आहेत. बहुतेक क्षेत्रे प्रस्तरभंगाच्या टोकांशी, दोन प्रस्तरभंग एकमेकांना छेदतात तिथे, किंवा एक संपून दुसरा बाजूला सुरू होतो अशा पायरीवजा जागी आहेत. अशा जागी ताण एकवटतो, लहान भेगांचे जाळे तयार होते आणि प्रत्येक नव्या हालचालीत ते पुन्हा फुटते. मध्यावर सरकणे जास्त, म्हणून भुगा आणि चिकणमातीही जास्त.

७. पाणी, वाफ आणि वायू एकाच भेगेतून वर येतात का?

खोलवर हो, वरच्या भागात बहुधा नाही. खाली दाबामुळे पाणी उकळत नाही. १० बार दाबाला, म्हणजे साधारण १०० मीटर खोलीवर, पाणी १८० अंशांना उकळते. १ किलोमीटर खोलीवर सुमारे ३१० अंशांना. वर येताना दाब उतरतो, एका पातळीला पाणी उकळू लागते आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन पहिल्याच वाफेबरोबर निसटतात. वाफ हलकी असल्याने उभ्या भेगांनी सरळ वर जाते. पाणी मात्र उताराच्या दिशेने सरकते.

म्हणून डोंगराळ क्षेत्रांत उंचावर धूम्रमुखे (वाफ आणि वायू सोडणारी छिद्रे) आणि आम्लाने पांढरी पडलेली माती दिसते, तर खाली दरीत क्लोराइडयुक्त गरम झरे. दोन्ही एकाच साठ्याची टोके असू शकतात. वरच्या आम्लधर्मी डबक्यातले पाणी हे बहुतेक वाफेने तापलेले उथळ भूजल असते, त्यामुळे खोलवरचे तापमान काढायला ते नमुने निरुपयोगी ठरतात. नमुना क्लोराइडच्या झऱ्याचा घ्यावा.

८. जमिनीतून वायू येतो आहे पण जमीन थंड आहे. हे शक्य आहे का?

सर्रास घडते. वर येणारी वाफ थंड भूजलाच्या थरात शिरली की तिथेच पाणी होते आणि उष्णता भूजलाबरोबर वाहून जाते. हायड्रोजन सल्फाइड पाण्यात विरघळतो, ऑक्सिजनशी संयोग पावतो किंवा लोहाबरोबर पायराइट होऊन बसतो. उरतो कार्बन डायऑक्साइड, आणि तो वास न येता वर येत राहतो. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटनवर १९८९च्या लहान भूकंपांच्या मालिकेनंतर १९९०पासून झाडे मरू लागली. तिथली जमीन गरम नव्हती; मुळांभोवती कार्बन डायऑक्साइड साचला होता. म्हणून थंड जमीन सुरक्षित समजू नये.

९. अशा ठिकाणी फिरताना कोणती काळजी घ्यावी?

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे. वारा नसलेल्या सकाळी तो खड्डे, चर, तळघरे आणि बर्फातल्या पोकळ्यांत साचतो. ४ टक्के प्रमाण जीवाला तत्काळ धोक्याचे मानले जाते.

नुसते ऑक्सिजन मीटर बाळगणे ही यातली सर्वांत घातक चूक. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ टक्क्यांवरच येतो आणि १९.५ला वाजणारा अलार्म गप्प राहतो. कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवाच. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर भरवसा नको: दशलक्षात १०० भागांच्या आसपास वास येणेच बंद होते, आणि तीच तत्काळ धोक्याची पातळी आहे.

खड्ड्यात वाकण्याआधी मीटर दोरीने खाली सोडावे, वारा येतो त्या बाजूला उभे राहावे, एकट्याने जाऊ नये. कोणी कोसळले तर श्वसनसंच असल्याशिवाय खाली उतरू नये. मॅमथ माउंटनवर एप्रिल २००६मध्ये धूम्रमुखाजवळच्या बर्फातल्या पोकळीत दोघे पडले आणि त्यांना वाचवायला गेलेला तिसराही दगावला. इंडोनेशियातील दिएंग पठारावर १९७९मध्ये भेगांतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने १४०हून अधिक माणसे मेली. त्यातली बरीचशी उद्रेकापासून पळून जाणारी होती.

१०. वायू मोजून झाकलेला प्रस्तरभंग कसा शोधायचा?

संशयित रेषेला काटकोनात मोजणीची ओळ आखा. ती दोन्ही बाजूंना काहीशे मीटर न्यावी, नाहीतर नेहमीची पातळी किती तेच कळत नाही. सुरुवातीला २० ते २५ मीटरवर बिंदू घ्या, आकडा चढला तिथे ५ मीटरवर. नळी ७० ते ८० सेंटिमीटर खोल ठोका, भोवतीची माती दाबून घट्ट करा, नळीतली पहिली हवा काढून टाका आणि मगच नमुना घ्या. प्रत्येक बिंदूवर कार्बन डायऑक्साइड, रेडॉन (किरणोत्सर्गी वायू) आणि तळाचे तापमान तिन्ही नोंदवा.

जमिनीतून निघणारा प्रवाह मोजायला उलटे ठेवलेले भांडे वापरतात. आतले प्रमाण पहिल्या एक-दोन मिनिटांत किती वेगाने वाढते ते पाहायचे. भांड्याची कड खडबडीत जमिनीवर नीट बसली नाही, तर वायू निसटतो आणि आकडा कमी येतो. भांडे जोराने दाबले तर आतला दाब वाढून वाचन बिघडते.

हवामानाकडे दुर्लक्ष झाले तर सगळी मेहनत वाया. ओल्या मातीची छिद्रे बंद असतात, म्हणून जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. हवेचा दाब झपाट्याने उतरत असेल, तर जमीन जास्त वायू सोडते. यासाठी एक ठरावीक बिंदू रोज सकाळी व संध्याकाळी मोजा आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा.

एकच उंच शिखर मिळेल अशी अपेक्षा धरू नका. गाभा वायू अडवत असेल तर दोन्ही बाजूंच्या भंगलेल्या पट्ट्यांवर दोन शिखरे येतात आणि मध्ये खळगा दिसतो. वर चिकणमातीचा जाड थर असेल, तर वायू त्याच्या कडेपर्यंत सरकून तिथे निघतो. शेणखत, पालापाचोळा आणि दलदल खोटी शिखरे देतात. त्यांची छाननी पुढच्या प्रश्नात.

११. वायू खरोखर खोलवरून आला आहे, हे कसे ओळखावे?

हेलियमच्या समस्थानिकांवरून सर्वांत खात्रीने. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचे गुणोत्तर हवेच्या तुलनेत सांगतात: मध्यसागरी पर्वतरांगांखालच्या प्रावरणातल्या (कवचाखालच्या थरातल्या) वायूत ते सुमारे ८ असते, जुन्या कवचातल्या वायूत ०.०२च्या आसपास. मध्ये काहीही आले, तरी प्रावरणाचा वाटा काढता येतो.

कार्बनचे समस्थानिक मदत करतात, पण फसवतातही. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत कार्बन-१३ किती कमी-जास्त आहे ते मोजतात: प्रावरणाचा कार्बन साधारण उणे ५ ते उणे ८ प्रति हजार, बहुतेक वनस्पतींचा उणे २५च्या आसपास, समुद्री चुनखडीचा शून्याजवळ. चुनखडी आणि कुजका पाला यांचे मिश्रणही उणे ६ दाखवू शकते. म्हणून एकट्या कार्बनवर निष्कर्ष नको.

रेडॉन खोलीचा पुरावा नाही. रेडॉन-२२२चे अर्धायुष्य ३.८ दिवस आहे. त्यामुळे त्याचा उंच आकडा फार तर एवढेच सांगतो की दुसरा एखादा वायू त्याला वेगाने वर आणतो आहे. थोरॉनचे, म्हणजे रेडॉन-२२०चे, अर्धायुष्य ५५.६ सेकंद. थोरॉन जास्त आणि रेडॉन कमी असेल तर वायू तिथल्या मातीतलाच समजा.

१२. झरा आहे तिथेच बोअर घ्यावी का?

सहसा नाही. प्रस्तरभंग तिरका असतो. क्षितिजाशी ६० अंशांचा कल असेल, तर १ किलोमीटर खोलीवर तो पृष्ठभागावरच्या रेषेपासून सुमारे ५८० मीटर बाजूला गेलेला असतो. कल ५० अंश निघाला, तर ८४० मीटर. कलाच्या अंदाजात १० अंशांची चूक म्हणजे लक्ष्य २६० मीटरने हुकणे. म्हणून कल ज्या बाजूला उतरतो त्या बाजूने सुरुवात करून भंगलेला पट्टा खोलवर छेदतात.

दुसरी अडचण अशी की झरा प्रस्तरभंगावर नसेलही. पाणी दूर कुठेतरी वर येऊन वाळू-गोट्यांच्या थरातून आडवे वाहत झऱ्यापर्यंत आलेले असते. अशा जागी बोअरमध्ये तापमान काही खोलीपर्यंत चढते आणि नंतर उतरू लागते. हा उतार दिसला की आणखी खोल जाऊन उपयोग नाही. पाणी ज्या दिशेने येते तिकडे सरका.

१३. बोअर खोल जाते आहे पण तापमान वाढायचे थांबले. क्षेत्र संपले का?

उलट, पाणी फिरते आहे याची ती खूण असू शकते. भेगांमधून पाणी वरखाली फिरत असेल, तर त्या उंचीभर तापमान जवळपास सारखेच होते. फ्रान्समधील सुल्त्झ येथे पहिल्या किलोमीटरमध्ये तापमान फार वेगाने चढते, त्याखाली साधारण ३.३ किलोमीटरपर्यंत जेमतेम वाढते, आणि मग पुन्हा नेहमीच्या चालीने चढून ५ किलोमीटरला २०० अंशांच्या आसपास पोचते. उथळ बोअरचा चढ पाहून सरळ रेष खाली ओढत नेली असती, तर दुप्पटीहून अधिक तापमानाचे स्वप्न पडले असते. तापमान स्थिर राहणे आणि उतरणे यांत गल्लत नको (प्रश्न १२).

१४. प्रतिमांकनात भरपूर भेगा दिसल्या, तरी बोअर कोरडी. असे का?

दिसणाऱ्या भेगांपैकी पाणी वाहणाऱ्या थोड्याच असतात. काही खनिजांनी बुजलेल्या असतात (प्रश्न १५), काही सध्याच्या ताणात मिटलेल्या, काही कुठेच न जोडलेल्या. चांगल्या बोअरमध्येही बहुतेक प्रवाह दोन-तीन पट्ट्यांतूनच येतो. दाब, तापमान आणि फिरत्या पंख्याने वेग मोजणारे उपकरण बोअरमधून खालीवर फिरवले की ते पट्टे कळतात.

कधीकधी चूक आपलीच असते. बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल वापरून साठ्यात ड्रिलिंग केले, तर तो भेगांत जाऊन तापतो आणि घट्ट बसतो. साठा सुरू झाला की चिखल थांबवून पाणी किंवा हवामिश्रित पाणी वापरणे चांगले. ड्रिलिंगचे पाणी अचानक खाली नाहीसे झाले की नवे कर्मचारी घाबरून भेग बुजवायला धावतात. केसिंगच्या (बोअरला आतून बसवलेल्या नळीच्या) भागात ते योग्य आहे, साठ्यात ते शोधत असलेलीच वस्तू बुजवणे होय.

१५. भेगा आपोआप बुजतात का?

बुजतात, आणि दोन खनिजे दोन उलट कारणांनी. सिलिका पाणी थंड झाल्यावर बसते: २५० अंशांना क्वार्ट्झशी संतुलित पाण्यात किलोमागे ४५० ते ५०० मिलिग्रॅम सिलिका मावते, १०० अंशांना ५०च्या आसपास. कॅल्साइट मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो आणि पाणी उकळून कार्बन डायऑक्साइड निसटला की झटकन बसतो. म्हणून बोअरमध्ये कॅल्साइटचा थर उकळीच्या पातळीभोवतीच्या थोड्या भागातच जमतो. तो टाळण्यासाठी बारीक नळीने प्रतिबंधक रसायन त्या पातळीच्या खाली सोडतात. नळी वर राहिली तर रसायन फुकट जाते. साचलेला थर आम्लाने किंवा पुन्हा ड्रिल फिरवून काढावा लागतो.

१६. भूकंपानंतर झरे बदलतात, ते का?

हादऱ्याने बुजलेल्या भेगा फुटतात किंवा गाळ हलतो. १९५९च्या हेब्गेन लेक भूकंपानंतर यलोस्टोनमधल्या कित्येक शांत झऱ्यांनी उसळी घेतली. २००२च्या अलास्कातील ७.९ क्षमतेच्या डेनाली भूकंपाने तर ३ हजार किलोमीटरवरच्या यलोस्टोनमधील काही गायझरांच्या (ठरावीक वेळाने उसळणाऱ्या गरम झऱ्यांच्या) वेळा बदलल्या. बदल बहुधा टिकत नाही; खनिजे पुन्हा साचू लागतात.

१७. वापरलेले थंड पाणी त्याच प्रस्तरभंगात परत सोडावे का?

दाब टिकवायला पाणी परत सोडावे लागते, पण त्याच मोकळ्या भेगेत जवळून सोडले तर ते तापायच्या आत उत्पादन बोअरमध्ये पोचते. आधी रंगद्रव्य किंवा नॅप्थॅलीन सल्फोनेटसारखा मागोवा घेण्याचा पदार्थ सोडून तो किती दिवसांत कुठे निघतो ते पाहतात. काही दिवसांतच आणि टोकदार शिखरासह निघाला, तर जोड फारच सरळ आहे. पाणी सोडण्याची जागा बदला. फ्लुरेसिन हे रंगद्रव्य २५० अंशांच्या वर टिकत नाही. अशा साठ्यात ते न निघणे म्हणजे जोड नाही, असे धरू नये.

१८. पाणी सोडल्याने भूकंप होतात, हे खरे का?

होतात. भेगेतला पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंना एकत्र दाबून धरणारा जोर कमी पडतो आणि आधीच ताणलेला प्रस्तरभंग सरकतो. बहुतेक धक्के माणसाला कळतही नाहीत. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या भूऔष्णिक प्रकल्पात डिसेंबर २००६मध्ये सुमारे ११,५०० घनमीटर पाणी सोडल्यावर ३.४ क्षमतेचा धक्का बसला आणि पुढे प्रकल्प सोडून द्यावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांगच्या भूऔष्णिक प्रकल्पाजवळ १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ क्षमतेचा भूकंप झाला; आधी नकाशावर नसलेला प्रस्तरभंग सरकला होता. सिग्नलच्या दिव्यांसारखी हिरवी-पिवळी-लाल मर्यादा ठरवण्याची पद्धत उपयोगी आहे, पण अपुरी. बाझेलचा मोठा धक्का पाणी सोडणे थांबवल्यानंतर काही तासांनी बसला, पोहांगचा तर जवळपास दोन महिन्यांनी.

१९. झरा नाही, वाफ नाही, प्रस्तरभंगही दिसत नाही. तरी खाली क्षेत्र असू शकते का?

असू शकते. वर चिकणमातीचे टोपण किंवा खोल भूजल असेल तर पृष्ठभागावर काहीच पोचत नाही. शोध प्रश्न ६मधल्या रचनांपासून सुरू करावा: लायडारने (विमानातून लेसरने उंची मोजणाऱ्या यंत्राने) टिपलेल्या उंचीच्या नकाशावर झाडीखालच्या लहान पायऱ्याही दिसतात. मग २ मीटर खोल पोलादी नळ्या ठोकून तापमान घ्यावे; दिवस-रात्रीचा फरक तिथे पोचत नाही, पण ऋतूचा पोचतो, म्हणून सगळे बिंदू थोड्याच दिवसांत उरकावेत आणि एक संदर्भबिंदू पुन्हा पुन्हा मोजावा. विद्युत-चुंबकीय सर्वेक्षणात स्मेक्टाइट चिकणमातीचा थर १ ते १० ओहम-मीटर इतक्या कमी रोधाचा दिसतो. तो थर म्हणजे टोपण, साठा त्याच्या खाली असतो. फार जुनी, आता थंड झालेली क्षेत्रेही असेच टोपण मागे ठेवतात, म्हणून खोल बोअरआधी दोन-तीनशे मीटरची तापमानाची बारीक बोअर घ्यावी.